पाणी बदललं की चिकटा का वाढतो: स्टीलवर बसणारे बॅक्टेरिया घरच्या घरी तपासायची आणि आटोक्यात ठेवायची पद्धत

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या नाशिकजवळच्या अंबडच्या शेडमधला प्लेटवाला हीट एक्स्चेंजर खोलला तर प्रत्येक प्लेटवर करड्या रंगाचा बुळबुळीत थर, बोट फिरवलं की साय निघावी तसा निघतोय. आप्पा, आमचे जुने फिटर, लगेच म्हणाले "शेवाळ आलंय". मी म्हटलं आप्पा, आत ऊन कुठंय, बंद प्लेटमध्ये शेवाळ येईल कसं? त्यावर ते म्हणाले, "मग तूच सांग काय आहे ते." तेव्हा मला काही सांगता आलं नाही. मी काय केलं, तर हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीन देणारं द्रव औषध) डोस दुप्पट केला. पंधरा दिवसांनी परत खोललं तर चिकटा होताच, वर दोन प्लेटांना सुईच्या टोकाएवढी भोकं.

नंतर लक्षात आलं की मार्चपर्यंत एमआयडीसीचं पाणी होतं आणि एप्रिलपासून टँकरचं बोअरचं सुरू झालं होतं. एवढाच फरक. टॉवर तोच, पंप तोच, केमिकलवाला पण तोच. पाणी बदललं आणि आम्ही मात्र औषधाच्या मागे लागलो. म्हणून हे लिहितोय, ज्यांच्याकडे कूलिंग टॉवर आहे, वाईनरीत किंवा डेअरीत स्टीलच्या टाक्या आहेत, नाहीतर साधी गच्चीवर स्टीलची टाकी आहे त्यांच्यासाठी. बायोसाइडचं (बॅक्टेरिया मारायच्या औषधाचं) कोटेशन मागवायच्या आधी हे करून बघा.

चिकटतात म्हणजे नेमकं काय होतं

थिअरी थोडीच सांगतो, पण ही कळल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं रेसिपीसारखं वाटेल. स्वच्छ पट्टी पाण्यात टाकली की काही मिनिटांतच पाण्यातले सेंद्रिय कण, प्रोटीन, ह्युमिक वगैरे, तिच्यावर पातळ थर धरतात. म्हणजे बॅक्टेरिया कोऱ्या स्टीलवर बसतच नाही, तो या थरावर बसतो. मग बॅक्टेरिया जवळ येतो. आपल्या नेहमीच्या पाण्यात बॅक्टेरियाच्या अंगावर निगेटिव्ह चार्ज, आणि स्टेनलेसवर जो ऑक्साइडचा पापुद्रा असतो त्याच्यावरही निगेटिव्हच. दोघं एकमेकांना लांब ढकलतात.

आता पाण्यात मीठ वाढलं तर? मीठ म्हणजे चार्ज असलेल्या कणांची गर्दी. पर्वणीला रामकुंडावर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं पण खांद्याला खांदा लावून उभी राहतात ना, कारण मधे अंतर ठेवायला जागाच उरत नाही, तसंच. या ढकलाढकलीची पोहोच मोजता येते. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) १०० च्या आसपास असेल तर ती साधारण ६ नॅनोमीटर, ५०० ला पावणेतीन, २००० ला दीडच्याही खाली. ही पोहोच जेवढी कमी तेवढा बॅक्टेरिया जवळ येऊ शकतो, आणि एका ठराविक अंतराच्या आत आला की ओढणारं बल सुरू होतं. याला डीएलव्हीओ थिअरी म्हणतात, १९४० च्या दशकातली, रशियातल्या दोघांची आणि हॉलंडच्या दोघांची मिळून चार आडनावांची आद्याक्षरं आहेत ती.

सुरुवातीला तो नुसता टेकलेला असतो, सुटू शकतो. मग तो चिकट पदार्थ सोडतो आणि पक्का बसतो, तिथून पुढे पाण्याच्या नुसत्या धारेने निघत नाही. मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये समुद्री बॅक्टेरियांवर हे दोन टप्पे वेगवेगळे दाखवले. सांगायचा मुद्दा असा की आपल्या हातात जे काही आहे ते पहिल्या टप्प्यात स्वस्त पडतं आणि दुसऱ्यात महाग.

पायरी पहिली: पाणी मोजा, पण सगळं मोजत बसू नका

टीडीएस मीटर, पीएच मीटर, हार्डनेसचं थेंबवालं किट, क्लोरीनचं किट. बस. क्लोरीनच्या किटमध्ये पिवळा रंग येणारं ओटीओ स्वस्त असतं, पण त्यात फ्री आणि बांधलेला क्लोरीन वेगळा कळत नाही, म्हणून गुलाबी रंग येणारं डीपीडी घ्या. थोडे पैसे जास्त जातात, जाऊ द्या.

मेकअपचं (टॉवरमध्ये नव्याने भरायचं) पाणी वेगळं मोजा आणि बेसिनचं (टॉवरच्या तळच्या टाकीतलं, फिरतं) वेगळं, कारण टॉवरमधून नुसती वाफ जाते आणि क्षार मागे राहतो. मेकअपला टीडीएस ३०० आणि बेसिनला १२०० म्हणजे पाणी चौपट घट्ट झालंय, आणि कॅल्शियम पण चौपट झालंय (सगळं पाण्यातच असेल तर, नसेल तर ते तुमच्या ट्यूबवर बसलंय). आमच्याकडे एमआयडीसीच्या पाण्याचा हार्डनेस १०० च्या आत यायचा आणि टँकरचा ४०० च्या वर गेला होता. बोअर म्हटलं की आपल्याकडे काळा बेसॉल्ट, त्यातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम मॅग्नेशियम घेऊनच येणार, त्यात टँकरवाल्याचा दोष नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये हार्डनेस २०० पर्यंत चांगला आणि दुसरा सोर्स नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं दिलंय, म्हणजे ४०० चं पाणी माणसाला चालतं, पण तेच टॉवरमध्ये चौपट झालं की मशीनला नाही चालत.

कुठला आकडा किती मनावर घ्यायचा

इथेच बहुतेक लोक चुकतात, मी पण चुकलो. टीडीएस बघून घाबरायचं नाही. ५०० च्या पुढे साध्या मिठाने फार फरक पडत नाही, कारण ती ढकलाढकली तोपर्यंत बरीचशी दबलेली असते. खरा खेळ कॅल्शियमचा. सोडियमला एक चार्ज, कॅल्शियमला दोन, म्हणून ढकलणं दाबायला तो सोडियमच्या कितीतरी पट भारी, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो एका हाताने बॅक्टेरियाला आणि दुसऱ्या हाताने पृष्ठभागाला धरून मधे पूल बांधतो. शिवाय चिकट्याचा जो लगदा असतो त्यातल्या काही लांब साखळ्या कॅल्शियम मिळालं की जेलीसारख्या घट्ट होतात. म्हणून हार्ड पाण्यातला चिकटा रबरासारखा निघतो आणि सॉफ्ट पाण्यातला शेंबडासारखा वाहून जातो, सॉरी पण दुसरी उपमा सुचत नाही.

पीएच साडेसहा ते साडेआठच्या मधे असेल तर स्टेनलेसवर चिकटण्यात त्याचा थेट फरक तसा कमीच. पण आडून फरक पडतो आणि तो मोठा असतो. क्लोरीन पाण्यात दोन रूपात असतो, एक मारणारं आणि एक आळशी. पीएच ७.५ ला निम्मं निम्मं, ७ ला मारणारं जवळपास पाऊण, आणि ८.५ ला जेमतेम दहा टक्के. आमचं बेसिन ८.४ ला होतं. वरून मी हायपो दुप्पट केला, आणि हायपो स्वतः अल्कली, म्हणजे पीएच अजून वर. त्यातून क्लोराइड पण वाढलं, आणि क्लोराइड जाऊन चिकट्याच्या खाली बसलं जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे स्टेनलेसचा पापुद्रा फुटतो आणि परत जुळत नाही. ती दोन भोकं बहुधा माझ्याच कृपेने. आप्पा आजही चहाच्या वेळी काढतात विषय.

आणि खाणं. पाण्यात तेल, साखर, दूध, द्राक्षाचा रस काही गळत असेल तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा आणि आधी गळती बंद करा. फॉस्फेट पण खाणंच, काही अँटीस्केलंट (क्षार बसू नये म्हणून टाकायची औषधं) क्लोरीनमुळे तुटून फॉस्फेट सोडतात, केमिकलवाला हे आपणहून सांगत नाही. पण उलट पाणी एकदम साफ असलं म्हणजे चिकटणार नाही असंही समजू नका. उपाशी बॅक्टेरियाला पृष्ठभागच बरा पडतो, कारण वाहत्या पाण्यातलं थोडंफार खाणं तिथे गोळा होतं, हे झोबेल यांनी १९४३ लाच मांडलं होतं. आरओच्या मेम्ब्रेनवर चिकटा बसतोच की.

पायरी दुसरी: पट्ट्यांची टेस्ट

हा लेखाचा जीव आहे, नीट वाचा. भंगारातून एसएस ३०४ ची एकच शीट घ्या, एकच फिनिश असलेली, आणि तिच्यातून २५ बाय ७५ मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. वेगवेगळ्या शीटच्या घेतल्या तर टेस्ट वाया गेली समजा, कारण बॅक्टेरिया साधारण एक मायक्रॉनचा आणि ग्राइंडिंगचा ओरखडा त्याच्याहून मोठा, तो त्यात लपून बसतो. कडा फाइलने मारून घ्या, वर एक भोक पाडा, भांड्याच्या साबणाने धुवा, मग अॅसिटोन, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही, चिमट्यानेच धरायचं. बोटाचं तेल म्हणजे आयता थर.

काचेच्या लोणच्याच्या बरण्या घ्या, अर्धा लिटरवाल्या. प्रत्येकीत वेगळं पाणी: नळाचं, बोअरचं, बेसिनचं, आरओचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो तसाच ठेवला तर तुम्ही पाण्याची केमिस्ट्री नाही, क्लोरीनच तपासताय, म्हणून उघड्या बादलीत दिवसभर ठेवा आणि डीपीडीने शून्य आलं की मगच वापरा. आणि पाणी उकळून निर्जंतुक करायला जाऊ नका, उकळलं की क्षार खाली बसतो, म्हणजे पाणीच बदललं. मी पहिल्या वेळी तेच केलं होतं आणि आठवडाभर खूश होतो की बोअरच्या पाण्यात काहीच होत नाही म्हणून.

सगळ्या बरण्यांत बेसिनमधला थोडा चिकटा ढवळून ५ मिली टाका, मोजून, सगळ्यांना सारखा. पट्टी दोऱ्याने मधोमध लटकवा, तळाला टेकली तर गाळ बसतो आणि तो चिकटा वाटतो. अंधारात ठेवा, नाहीतर खरंच शेवाळ येईल आणि आप्पा जिंकतील. रोज अर्धं पाणी तेच ताजं घालून बदला.

अजून खोलात जायचं असेल तर आरओच्या पाण्यात एकेक गोष्ट घालून बघा, एका वेळी एकच. लिटरला ०.५८ ग्रॅम मीठ म्हणजे १० मिलिमोल (मीठ आयोडीन नसलेलं घ्या). कॅल्शियमसाठी लॅबच्या दुकानातलं डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड, १० लिटरला १.४७ ग्रॅम, म्हणजे १०० चा हार्डनेस तयार. चौपट घातलं की ४००. मिठाची आणि कॅल्शियमची, या दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोण भारी ते तुमच्या डोळ्यांनी कळेल, माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

पट्ट्या काढायच्या तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. काढताना एक बारीक गोष्ट: पट्टी पाण्यातून वर येते तेव्हा पाण्याचा पृष्ठभागच तिला पुसून काढतो, नुसते टेकलेले बॅक्टेरिया त्यात निघून जातात. ते टाळता येत नाही, पण सगळ्या पट्ट्या सारख्याच वेगाने आणि सारख्याच उभ्या काढा. धुवायचं ते त्याच बरणीच्या ताज्या पाण्यात बुडवून, नळाखाली नाही आणि आरओत तर नाहीच, कारण क्षाराचं पाणी जाऊन एकदम गोडं पाणी आलं की टेकलेले सुटतात. (बीएस्सी मायक्रोला कोणी असेल तर हाच प्रयोग मुद्दाम करा, मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवलेल्या काचेच्या दोन स्लाइड, एक मिठाच्या पाण्यात धुवायची आणि एक आरओत, मग मायक्रोस्कोपखाली मोजायचं. स्टीलच्या पट्टीतून उजेड जात नाही म्हणून काच.)

मग रंग. मेडिकलमध्ये जेन्शियन व्हायोलेट मिळतं, तोंड आल्यावर लावायचं ते जांभळं औषध, एक टक्क्याचं असेल तर १ मिलीत ९ मिली पाणी. पट्टी त्यात दहा मिनिटं बुडवा, मग स्वच्छ पाण्यात तीन-चारदा, पाणी जांभळं यायचं थांबेपर्यंत. ग्लोव्हज घाला आणि हे किचनच्या ओट्यावर करू नका, डाग जात नाही आणि त्यानंतरचं बोलणं पण जात नाही. रंग उतरल्यावर पट्टी वाळवून एका लहान बाटलीत २० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये टाका, चिकट्याने धरलेला रंग स्पिरिटमध्ये उतरतो. सगळ्या बाटल्या पांढऱ्या कागदासमोर एका रांगेत ठेवून फोटो काढा. जेवढी बाटली गडद तेवढा चिकटा जास्त, इतकं सोपं.

फक्त एक करा, हार्ड पाण्याच्या अजून एका बरणीत रोज हायपोचा थेंब टाकून क्लोरीन कायम ठेवा. त्या पट्टीवर नुसता क्षार बसेल. तिचा रंग किती येतो ते बघा, तेवढा क्षाराचा भाग समजून बाकीच्यांतून मनातल्या मनात वजा करायचा.

दुसऱ्या धातूंचं काय

जमलं तर अॅल्युमिनियमची पट्टी पण लावा. तिच्यावरचा ऑक्साइड आपल्या नेहमीच्या पीएचला पॉझिटिव्ह बाजूला असतो, म्हणजे निगेटिव्ह बॅक्टेरियाला ढकलायच्या ऐवजी बोलावणंच. साध्या लोखंडाची टेस्ट करूच नका, दुसऱ्या दिवशी गंज आणि गंज म्हणजे हजार कोपरे असलेली चाळ.

तांब्याची पट्टी मात्र मजेशीर. भांडी बाजारात एका दुकानातून तुकडा आणला होता. पहिला आठवडा जवळपास कोरी, बाजूची स्टीलची जांभळी झालेली. पण हार्ड पाण्यातली तांब्याची पट्टी पुढे पांढरट होत गेली आणि चौदाव्या दिवशी तिच्यावर पण रंग धरला, कारण क्षाराचा थर मधे आला की तांब्याचा आणि बॅक्टेरियाचा संबंधच तुटतो. घरात तांब्याचा हंडा असेल आणि पाणी बोअरचं असेल तर आतून चिंच-मीठ लावून पांढरं काढत जा, बाहेरून चकचकीत करून उपयोग नाही.

पायरी तिसरी: आता करायचं काय

कॅल्शियम जास्त निघालं तर मेकअपला सॉफ्टनर, किंवा तेवढे पैसे नसतील तर ब्लोडाऊन (बेसिनमधलं घट्ट पाणी मुद्दाम सोडून देणं) वाढवा. हिशोब असा की ब्लोडाऊन म्हणजे बाष्पीभवन भागिले पटीतून एक वजा. दिवसाला ६ हजार लिटर वाफ जात असेल आणि चौपटीवर चालवायचं असेल तर २ हजार लिटर सोडायचं, तिपटीवर ३ हजार. पाणी जास्त जातं, मान्य, मे महिन्यात जिवावर येतं, पण प्लेट बदलण्यापेक्षा स्वस्त. सॉफ्टनरच्या रेझिनमध्ये स्वतःच चिकटा होतो, त्याला पण अधूनमधून बघावं लागतं.

पीएच आधी ७.५ च्या आसपास आणा, मग क्लोरीन. आमच्याकडे डोसिंग तेच ठेवून फक्त पीएच खाली आणला आणि ब्लोडाऊन वाढवलं, आणि पुढच्या वेळी प्लेटा ओल्या फडक्याने पुसल्या गेल्या.

जुना चिकटा असेल तर क्लोरीन ओतून काही होत नाही, वरच्या थरातच तो खर्च होऊन जातो. क्रम असा. आधी अल्कली, स्टीलला कॉस्टिक एक ते दोन टक्के, ७० अंशाच्या आसपास, फिरवत ठेवून (अॅल्युमिनियमला कॉस्टिक अजिबात नाही, खाऊन टाकतं). मग भरपूर पाणी. मग सायट्रिक अॅसिड दोन टक्के, क्षारासाठी. परत भरपूर पाणी, लिटमस न्यूट्रल येईपर्यंत. आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन, ५० पीपीएम, एक तास, आणि धुवून टाका, स्टीलमध्ये रात्रभर ठेवायचं नाही. ५०० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे १० टक्क्यांचा हायपो २५० मिली. पण आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कॅन महिन्याभरात किती टक्के राहतो ते देवालाच माहीत, म्हणून टाकल्यावर डीपीडीने मोजा (५० पीपीएम किटच्या मोजमापाबाहेर जातं, वीसपट पातळ करून मोजा).

अॅसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पाइपमध्ये उरलेलं अॅसिड पण पुरतं. बंद टाकीत माणूस उतरवून तर हे कधीच करू नका. टॉवर धुताना चांगला मास्क लावा, कोमट पाण्याच्या चिकट्यात लिजिओनेला वाढू शकतो आणि तो तुषारातून फुफ्फुसात जातो, १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलातली साथ त्याचीच होती.

तारेची घासणी फेकून द्या. ओरखडे पडतात ते पडतात, वर लोखंडाचे कण रुततात आणि तिथून गंज. नायलॉनचा ब्रश वापरा. आणि चिकटा काढल्यावर खाली काळा डाग दिसला, सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे सल्फेटवाले बॅक्टेरिया आहेत, ती जागा टॉर्च लावून खड्ड्यासाठी तपासा. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे पाणी न फिरणारा पाइपचा बंद तुकडा असतो, तो तुकडाच कापून टाका.

आता बेसिनमध्ये आम्ही चार पट्ट्या कायमच्या लटकवून ठेवल्यात, दर सोमवारी एक काढायची, रंगवायची, नवीन लावायची. पावसाळ्यात गंगापूर धरणाकडून गढूळ पाणी यायला लागलं की हार्डनेस खाली जातो आणि सेंद्रिय वाढतं, म्हणजे उन्हाळ्याची सेटिंग तेव्हा चालत नाही, त्या आठवड्यात दोन पट्ट्या काढतो. रंगवायचं काम आता आप्पांनी घेतलंय स्वतःकडे. बाटल्यांवर तारीख घालतात आणि खाली पेनाने लिहितात "शेवाळ".